आजीचं बोलणं, आजीच्या नावानं

शहाद्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल आणि वर्षाकाठी एखाददुसरा कवितासंग्रह, असं काम बावीस वर्षं चाललंय. मागच्या उन्हाळ्यात धडगावकडच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी तरुण दुकानात आला. शाळेत शिक्षक आहे. त्यानं मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, यात अकरा तास माझी आजी आहे. तिचं पुस्तक करायचंय. कागदावर नको. लोकांना मोबाइलवर वाचता यावं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता यावं."

त्या अकरा तासांत बियाणं राखेत कसं जपायचं ते होतं, मोहाची फुलं वेचण्याचे दिवस होते, आमचुराची कृती, होळीची गाणी, भोंगऱ्या बाजाराच्या आठवणी, नर्मदेची गोष्ट. सगळं पावरीत, म्हणजे त्यांच्या बोलीत. माझ्या घरची बोली अहिराणी, त्यामुळे मला चार शब्दांतला एखादा लागायचा. तो शेजारी बसून मराठीत सांगायचा आणि मी टाइप करायची.

मग मी नेहमी करते तेच केलं. वाक्यं नीट केली, पुनरुक्ती काढली, प्रमाण मराठीत तीस पानं सुबक लावली आणि ती घेऊन पाड्यावर गेले. तळोद्यात एक काम होतं, ते आटोपून चांदसैली घाटानं वर चढले. आजी खाटेवर बसल्या होत्या. नातू एकेक परिच्छेद वाचायचा आणि पावरीत अर्थ सांगायचा. दोन पानं झाल्यावर आजींनी काहीतरी विचारलं. नातू गप्प झाला. मी विचारलं, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "आजी विचारतेय, ही कोण बाई बोलतेय?"

परतीच्या एसटीत मी तीच पानं पुन्हा वाचली. आजी बरोबर होत्या. त्या एक गोष्ट तीनदा सांगतात, कारण ऐकणारा तिसऱ्यांदा लक्षात ठेवतो. मी ती एकदाच ठेवली होती. त्या म्हणायच्या, "माझ्या आईनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं." मी लिहिलं होतं, "परंपरेने असे मानले जाते." सांगणारी माणसंच मी पुसून टाकली होती.

तीस पानं बाजूला ठेवली. नव्यानं ठरवलं की आधी पावरी, मराठी तिच्या मागून.

पावरी देवनागरीत लिहिता येते, पण लिहायची एक ठरलेली रीत मला कुठे सापडली नाही. तीन शिक्षक, तीन तऱ्हा. आम्ही एकच नियम धरला: लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं आणि आजींच्या कानाला पटलं तर ठेवायचं. नातवाकडे आधी कुणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलेली चाळीस पानं होती. ती युनिकोडमध्ये आणली तेव्हा ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या आणि जोडाक्षरं फुटली. मराठीत असं झालं तर नजरेला लगेच खटकतं. इथे मला चूक दिसतच नव्हती, कारण बरोबर काय तेच माहीत नव्हतं. स्पेलचेक बंद केला, नाहीतर तो पावरी शब्दांना मराठी करून टाकायचा. चाळीस पानांचं प्रूफ नातवानं आणि त्याच्या बहिणीनं अक्षर न् अक्षर वाचलं. दोन महिने गेले.

पानाची मांडणी हा माझ्या हातचा भाग. कागदावर असतं तर डावीकडे पावरी, उजवीकडे मराठी लावली असती. मोबाइलवर दोन रकाने म्हणजे दोन्ही वाचता येत नाहीत. म्हणून पावरीचा परिच्छेद मोठ्या अक्षरात, त्याच्याजवळ आवाजाचं बटण, आणि बोट लावलं तरच खाली मराठी उघडेल अशी रचना केली. पावरी वाचणाऱ्याला मराठी ओलांडून जावं लागू नये, एवढाच हिशेब होता.

आवाजाची गोष्ट सविस्तर सांगते. आमचुराची कृती सांगताना आजी कैऱ्या सोलत होत्या. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सालीवरून पातं फिरल्याचा खर्र आवाज आहे, मध्येच कोंबडी ओरडते, आजी खोकतात, कैरीची फोड टोपल्यात पडते. मी सॉफ्टवेअरनं ते सगळं साफ केलं. आवाज अगदी आकाशवाणीसारखा स्वच्छ झाला. नातवाला पाठवला. त्याचा उलट निरोप आला: "ताई, कैऱ्या कुठे गेल्या?" मी पुन्हा मूळ फाइल लावून ऐकली. पातं थांबतं तिथेच आजी बोलतात, आणि बोलणं थांबलं की पातं चालतं. फोड किती जाड ठेवायची हे त्यांनी शब्दांत कुठेच सांगितलेलं नाही. पातं किती वेळ खरखरतं आणि टोपल्यात पडणारा आवाज कसा येतो, त्यावरून कैऱ्या सोललेल्या बाईला ते कळतं. सफाई काढून टाकली. फक्त फाइल हलकी केली: एकाच चॅनलमध्ये, ६४ केबीपीएसवर, म्हणजे मिनिटाला अर्धा एमबीपेक्षा थोडी कमी. वरच्या पाड्यांवर रेंज टेकडीवर चढल्यावर येते. तिथं पाच मिनिटांची गोष्ट अडीच एमबीच्या आत बसणं गरजेचं होतं.

एवढं होईपर्यंत मला वाटत होतं, आता काम संपत आलं. खरं काम तिथून सुरू झालं.

नातू म्हणाला की पाड्याला विचारल्याशिवाय बाहेर काही जाणार नाही. आजी सांगतात, पण ते सगळं एकट्या आजींचं नाही. एका संध्याकाळी पूजा सांगणारे पुजारा, झाडपाल्याचं औषध देणारे बडवा, म्हाताऱ्या बाया, तरुण पोरं अशी पन्नासेक माणसं जमली. प्रत्येक तुकडा वाजवला आणि विचारलं: हे कुणी ऐकायचं? तीन रात्री हे चाललं. आमचूर, बियाणं, बाजार हे सगळ्यांसाठी. होळीची काही गाणी पाड्यातल्या आणि नात्यातल्या लोकांसाठी. इंदलाच्या पूजेच्या रात्री कळंबाच्या फांद्यांपुढे जे गायलं जातं, ते कुठेच नाही. ते रेकॉर्डिंग नातवाकडेही ठेवायचं की नाही यावर एक अख्खी रात्र गेली. शेवटी ते पुजाऱ्यांच्या घरी एका मेमरी कार्डात ठेवायचं ठरलं.

माझ्या मनात तेव्हा थोडी हळहळ होती, कारण सगळ्यात सुंदर तोच भाग होता. पण एवढ्या माणसांनी तीन रात्री विचार करून 'नाही' म्हटलं होतं, आणि ते 'नाही' सुद्धा पुस्तकाचा भाग आहे हे मला पटत गेलं. नंतर वाचनात आलं की ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू लोकांसोबत 'मुकुर्तु' नावाची डिजिटल साठवणुकीची व्यवस्था अशाच विचारातून उभी राहिली. कोणतं छायाचित्र, कोणतं गाणं कुणी पाहायचं-ऐकायचं हे त्या त्या समाजाच्या रिवाजानुसार ठरतं. आमच्या पाड्यानं हे कुठेही न वाचता ठरवलं होतं.

जंगलातल्या औषधांवर सर्वांत जास्त चर्चा झाली. एका पोरानं विचारलं की लिहून ठेवलं तर चोरीला जाईल की वाचेल? मी हळदीची हकीकत सांगितली. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्यावर पेटंट दिलं गेलं. सीएसआयआर या आपल्या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेनं जुने छापील पुरावे पुढे केले तेव्हा १९९७ साली ते रद्द झालं. म्हणजे लिहिलेलं होतं म्हणून वाचलं. पण पुढे सरकारनं पारंपरिक ज्ञानाचं जे डिजिटल ग्रंथालय उभारलं ते आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा ग्रंथांवर उभारलं. तोंडी चालत आलेलं त्यात कसं यावं? आणि आपण स्वतःच मुळ्या, मात्रा, जागा सगळं मोबाइलवर टाकलं, तर उद्या पिशव्या घेऊन येणाऱ्याला वाटही आपणच दाखवली. बडव्यांनी एका वाक्यात सांगितलं: झाडाचं नाव सांगा, मुळी सांगू नका. पुस्तकात तसंच आहे. नातवानं तिथं एक टीप घातली की २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जैवविविधतेशी आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. ती टीप पावरीत आहे, आणि ती ऐकताही येते.

मग नावाचा प्रश्न. मी मुखपृष्ठाचे दोन नमुने केले होते. एकावर 'संकलन' म्हणून नातवाचं नाव, आणि आजी आत ऋणनिर्देशात. आजवर आदिवासींवरची जी पुस्तकं माझ्या दुकानात लागली त्यांत बहुतेक हीच रीत होती, म्हणून हात आपोआप तिकडे गेला. नातवानंच विचारलं, "ताई, बहिणाबाईंना लिहिता येत होतं का?" नव्हतं. मुलानं आणि त्याच्या मावसभावानं गाणी उतरवून घेतली, आणि १९५२ साली पुस्तक आलं ते बहिणाबाईंच्या नावानं. जळगाव-धुळ्याकडचं प्रत्येक लेकरू ते नाव घेऊन शाळा शिकतं. मग पावरा बाईचं नाव ऋणनिर्देशात का?

आता मुखपृष्ठावर आजी आहेत आणि त्यांच्याखाली गाणाऱ्या चार बाया. नातू 'लिहून घेणारा'. मी 'पानं लावणारी'.

कायद्याचा कागद करताना एक गोष्ट मला फार लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा 'लेखक' म्हणजे त्याचा निर्माता, म्हणजे ज्यानं ते करवून घेतलं तो. गाणाऱ्याला सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीनं मिळाला, पण अख्ख्या पाड्याचं असं काही त्या चौकटीत बसत नाही. म्हणून आम्ही एक पानाचा करार केला. मूळ प्रत पावरीत, मोठ्यानं वाचून दाखवलेली, आणि संमती आवाजात घेतलेली. पैसे आले तर पाड्याच्या नावे. कधीही, कुणीही सांगणारीनं 'माझं काढा' म्हटलं तर सात दिवसांत काढायचं. कोर्टात हा कागद किती टिकेल ते वकील सांगतील, पण आमच्यात तो टिकतो आहे.

एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पुस्तक टाकायला गेलो तर भाषेच्या यादीत पावरी नाही. मराठी निवडा, म्हणाले. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा बोलणारे १ कोटी ४ लाखांच्या वर आहेत आणि पावरी त्याच गटात मोजली जाते. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भिली नाही. २००३ साली संथाली आणि बोडो त्यात गेल्या, ही राहिली. मराठी म्हणून टाकायचं नाही असं आजींच्या घरी ठरलं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत या भाषेला 'बीएफबी' असा तीन अक्षरी संकेत आहे. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलच्या आत भाषेच्या जागी मी ती तीन अक्षरं टाकली. बाहेरून कुणाला दिसत नाहीत. टाइप करताना मात्र मी थांबले, कारण त्याच यादीत माझ्या अहिराणीलाही एक संकेत आहे आणि माझ्या आजीच्या कानबाईच्या गाण्यांतलं एकही मी कधी उतरवून घेतलं नाही. ती गेली त्याला अकरा वर्षं झाली.

त्या ऑनलाइन दुकानाचा नाद सोडून दिला. फाइल फुकट ठेवली, व्हॉट्सॲपनं फिरते, आणि धडगावच्या आठवडे बाजारात नातवाचा मित्र मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर मेमरी कार्डात भरून देतो. बाजारात येणाऱ्या बायांना तेच सोयीचं पडतं.

दिवाळीनंतर पाड्यातली निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत उतरली. माघ महिन्यात तिकडच्या एका पडावावरून नातवाला एका बाईचा आवाजी निरोप आला. ती पाड्यातली नाही, अक्कलकुव्याकडची. रात्री पालात पुस्तक ऐकलं म्हणाली. आजी आमचुराच्या फोडी खडकावर वाळवायला सांगतात. आमच्याकडे छपरावर वाळवतात, हेही घाला. नातवानं आजींना तो निरोप ऐकवला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, छपरावर धूर लागून फोड काळी पडते, व्यापारी भाव पाडतो. थोडं थांबून म्हणाल्या, पण तिचं तिच्या नावानं घाला.

त्या बाईला फोन करून आम्ही तिची परवानगी घेतली. तिचा आवाज आता आजींच्या पानाखाली आहे, तिच्या नावासकट. मागून पालातलं लेकरू रडतंय, तेही आहे.