प्रांजळ, सतरा वेळा

शनिवार, रात्रीचे अकरा. कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या तरी खोली तापलेलीच. झोप येत नाही म्हणून माळ्यावरची कात्रणांची फाइल काढली. अकरा वर्षांतली माझी पुस्तक-परीक्षणं, बहुतेक सगळी बायकांच्या पुस्तकांवरची. कागद पिवळे पडलेत, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे. (वाळवीलाही काही आवडलं म्हणायचं.)

पेन्सिल घेऊन बसले, कारण दुपारपासून एक शब्द डोक्यात टोचत होता. मोजला. ‘प्रांजळ’ सतरा वेळा. ‘हळुवार’ नऊ. ‘संयत’ सहा. ‘घरसंसार सांभाळून लिहिलेले’ दोनदा. हे दोनदा मी लिहिलंय, मी! पुरुषांच्या पुस्तकांवरची चार-पाच परीक्षणं आहेत, त्यांत रचना आहे, निवेदनाचा कोन आहे, आवाका आहे. प्रांजळ एकदाही नाही. पुरुष काय खोटं लिहितात?

हे सुरू झालं ते कुमुद पावडेंमुळे. त्यांच्या ‘अंतःस्फोट’ या आत्मकथनाची माझी प्रत कोणीतरी नेली ती नेलीच. परवा बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात दुसरी मिळाली. १९८१चं पुस्तक, आपल्या नागपूरच्या बाईचं. त्यातला त्यांच्या संस्कृत शिकण्याविषयीचा लेख आज दुपारी पुन्हा वाचला. पूर्वी दोनदा वाचला होता, तरी सुरुवात कशी विसरले कोण जाणे. सुरुवातीलाच बाई सांगतात की लोक माझी तोंडावर स्तुती करतात, आणि ती ऐकताना मला गांधीलमाश्या डसल्यासारखं होतं.

हा विनय नाही. महाराच्या घरची मुलगी संस्कृत शिकली, शिकवायला लागली, याचं लोकांना नवल. त्या नवलात त्यांच्या संस्कृतला जागाच नाही, मोजली जाते ती जात. मी या पुस्तकावर काय लिहिलं होतं, ते फाइलमध्ये सापडलं: ‘दाहक अनुभवांचे प्रांजळ कथन.’ म्हणजे आणखी एक गांधीलमाशी. डसणारी मी.

लेख कसा रचलाय हे मात्र मी एका ओळीनंही लिहिलं नव्हतं. आधी ते नवल, त्याची थट्टा. मग गोखले गुरुजी. जुन्या वळणाचा ब्राह्मण माणूस, पण या मुलीला मनापासून शिकवणारा. त्यांच्याविषयी बाई इतक्या मायेनं लिहितात की आपण जरा सैल होतो, वाटतं, चला, जग तितकंही वाईट नाही. आणि मग शेवटी आडनाव येतं. सोमकुवर होत्या तोवर नोकरी मिळाली नाही. आंतरजातीय लग्न झालं, पावडे झाल्या, आणि मिळाली. याचं श्रेय कुमुदचं नाही, आडनावाचं, असं त्या सांगतात, आवाज न चढवता. मधे गुरुजी नसते तर हा घाव निम्माही बसला नसता. कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे ओळखणाऱ्या बाईला मी नुसतं ‘प्रांजळ’ म्हणून मोकळी झाले.

‘जिणं आमुचं’ या आत्मकथनाचं तर याहून वाईट केलंय. बेबी कांबळे ‘स्वतःविषयी फारसे बोलत नाहीत’ अशी तक्रार आहे माझी. नावातच ‘आमुचं’ आहे! तिथे ‘मी’ची जागा ‘आम्ही’नं घेतली, ती बाईंची निवड होती. मी ती उणीव धरली.

आणि ‘आम्हीही इतिहास घडवला’ला ‘मौलिक दस्तऐवज’ म्हणून टाकलं. दस्तऐवज म्हटलं की फायलीला लावता येतो, वाचावा लागत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायकांना शोधत फिरल्या, त्यांना बोलतं केलं. जुलै १९४२ला इथे नागपुरात दलित महिला परिषद भरली होती, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. मी याच गावात वाढले, आणि हे मला चाळिशीत, एका पुस्तकातून कळलं. यावर खरं तर आख्खा लेख व्हायला हवा होता.

आई पाणी प्यायला उठली. फाइल बघून म्हणाली, “काहून जागून राह्यली एवढ्या रात्री?” सांगितलं. तर म्हणते, “तू स्मृतिचित्रांवर लिहिलं होतं नं, ते किती रडकं केलं होतंस वो बाप्पा. आम्ही बहिणी तर हसून हसून लोळलो होतो ते वाचताना.” खरंय. वडिलांच्या सोवळ्यापायी घर कसं वेठीला धरलं जायचं, ते लक्ष्मीबाई टिळक किती मिस्कीलपणे सांगतात. मी लिहिलं: ‘सोशिक स्त्रीचे हृद्य चित्रण.’ आई सातवी शिकलेली. परीक्षण तिनं लिहायला हवं होतं.

दुसरी बाजूही लिहून ठेवते, नाहीतर ही वही म्हणजे माझी आरतीच व्हायची. ‘हळुवार’ हा माझा गुप्त शब्द आहे. कवितासंग्रह कच्चा असला, आणि कवयित्री ओळखीची असली, की मी ‘हळुवार’ लिहिते. बाईचं पुस्तक आहे, कशाला झोडपायचं, हा त्यामागचा विचार. त्यांचे आभाराचे फोन येतात. हा स्त्रीवाद नव्हे, हा हळदीकुंकवाचा वाण.

ताराबाई शिंदेंनी असं केलं असतं का? ‘स्त्रीपुरुष तुलना’, १८८२, आपल्या बुलडाण्याची बाई. एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी तमाम बायकांवर तोंडसुख घेतलं, म्हणून पेटून लिहिलेलं पुस्तक. पण त्यातच ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’सारख्या तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्याही त्या धारेवर धरतात. पुरुष लेखकांनी बायका कशा रंगवल्या त्याची झडती. माझ्या लेखी मराठीतलं बाईच्या नजरेतून केलेलं पहिलं परीक्षण ते. पुस्तक पुढे विस्मरणात गेलं, १९७५मध्ये स. गं. मालशांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांच्या हाती आलं. त्यालाही कोणी प्रांजळ म्हटलं असेल तर धन्य आहे.

सोमवारी एका नव्या आत्मकथनाचं परीक्षण द्यायचंय. चारशे शब्द, महिलांच्या पुरवणीत. मागचं माझं परीक्षण पन्ह्याच्या पाककृतीशेजारी छापून आलं होतं. पन्ह्याशी वैर नाही माझं. पण त्याच आठवड्यात एका पुरुषाची कादंबरी रविवारच्या मुख्य पानावर होती, अर्धं पान. म्हणून संध्याकाळी पुरवणीवाल्या मुलाला फोन केला. म्हटलं, आठशे शब्द दे आणि रविवारचं पान दे.

“रविवारचं माझ्या हातात नाही, ताई.”

“मग ज्याच्या हातात आहे त्याचा नंबर दे.”

तो हसला. म्हणाला, “पाचशे करू. फोटो लहान लावतो.”

नंबर अजून दिलेला नाही. उद्या पुन्हा फोन करते.