सादळलेली पुस्तकं

पापड सादळला की तोंडात घालताच कळतं. पुस्तक सादळलंय हे कळायला मात्र ऑगस्ट उजाडतो. टेबलावरच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आपणहून कमान करून उठलेलं दिसतं, पान उलटताना सळसळ होत नाही आणि कपाट उघडलं की तो ओळखीचा कुबट वास येतो. एकीकडे खाडी, दुसरीकडे येऊरचे डोंगर आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ठाण्यात पुस्तकं बाळगायची म्हणजे चार महिने त्यांची बाळंतिणीसारखी काळजी घ्यायची.

त्या कमानीला घाबरायचं कारण नाही. मुखपृष्ठाच्या बाहेरून लॅमिनेशन असतं, आतून उघडा कागद. कागद हवेतलं पाणी पितो, प्लॅस्टिक पीत नाही. आतली बाजू फुगते, बाहेरची आहे तेवढीच राहते आणि मुखपृष्ठ बाहेर वळतं. हवा कोरडी झाली की ते बरंचसं मूळपदावर येतं. उलटं वाकवून सरळ करायला गेलात तर कायमची उभी मोड पडते.

खरं दुखणं बुरशीचं. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती धरते आणि जुलैत इथे आकडा बहुतेक 80 च्या पुढेच असतो. त्यात आपली काचेची बंद कपाटं! दिवाणखान्यात शोभतात खरी, पण आत पुस्तकांचा जीव गुदमरतो. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सर्वांत आधी ओल धरते. न्हाणीघराच्या मागची भिंतही तशीच. कपाट तिथे नकोच. दुसरी जागा नसेल तर निदान दोन-तीन इंच पुढे ओढावं. पुस्तकांच्या रांगेत बोट सहज शिरेल एवढी सैल जागा हवी. ठासून भरलेल्या रांगेतलं पुस्तक लोक कण्याच्या वरच्या टोकाला धरून ओढतात आणि कणा तिथेच फाटतो. त्याऐवजी दोन्ही बाजूची पुस्तकं थोडी आत ढकलावीत आणि हवं ते मधोमध धरून काढावं.

डांबराच्या गोळ्यांवर आपला फार विश्वास. त्या ओल शोषत नाहीत, बुरशीवरही चालत नाहीत. पुस्तकाला फक्त आजोबांच्या ट्रंकेचा वास येतो. पानांवर सुईच्या टोकाएवढे पांढुरके किडे पळताना दिसले, तर ते कागद नव्हे, बारीक बुरशी खायला आलेले असतात. म्हणजे ओल आधीच शिरलेली आहे. रुपेरी कसर वेगळी. तिला पुस्तकाच्या बांधणीतली खळ आवडते. म्हणून तर जुने बाइंडर खळीत विषारी मोरचूद (कॉपर सल्फेट) घालत.

बुरशी दिसली की ओल्या फडक्याने पुसायचा मोह होतो. तसं केलं की ती कागदात आणखी मुरते. आधी पंख्याखाली पुस्तक पूर्ण वाळवावं, मग नाकाला रुमाल बांधून गॅलरीत मऊ ब्रशने झाडावं. ऊन दाखवू नये, कागद पिवळा पडून कडक होतो.

लोकलच्या दारात बॅगेत पाणी शिरून पुस्तक चिंब झालं तर घड्याळ लावून काम करावं, कारण साधारण 48 तासांत बुरशी सुरू होते. पानं जबरदस्तीने सोडवू नयेत. पुस्तक उभं करून पंख्यासारखं थोडं उघडावं, दर 15-20 पानांनी कोरा टिपकागद घालावा आणि तो भिजला की बदलावा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. किंचित दमट राहिलं की फळीखाली दाबून ठेवावं. गुळगुळीत आर्ट पेपर मात्र दयामाया दाखवत नाही. त्यावरचा मातीचा लेप वाळताना पानं एकमेकांना चिकटवतो आणि मग ती सुटत नाहीत. आज वेळच नसेल तर पिशवीत गुंडाळून पुस्तक फ्रीझरमध्ये ठेवावं. कोथिंबिरीशेजारी कादंबरी बघून घरचे हसतील, पण बुरशी तिथे थांबते.

‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’ असं जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिलेलं असे. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून मला सांभाळ, असं पोथीच सांगते. तिसरा धोका आज जास्त आहे. पुस्तकाच्या कण्याकडे वरून पाहावं. फर्म्यांच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, घड्या दिसल्या तर ते बहुधा शिवलेलं. सपाट, नुसता गोंद दिसला तर काही वर्षांनी पानं हातात येण्याची तयारी ठेवावी.

पाऊस सरल्यावर एकेक कप्पा रिकामा करून पुस्तकांना वारा द्यावा. खंडेनवमीला ती पाटावर निघतातच, तेव्हाच हे उरकतं. दसऱ्याला सोनं म्हणून मिळालेलं आपट्याचं पान बरेच जण हाताशी असलेल्या पुस्तकात ठेवतात. ताज्या पानातला ओलावा कागदात उतरतो आणि दोन पाकळ्यांचा तपकिरी डाग उमटतो. ठेवायचंच असेल तर दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवावं.