अंदमानात दाखल

मे महिन्याच्या शेवटी अंदमानला जाऊ नका, हे मी चौदा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलेय. जे ऐकत नाहीत त्यांना स्वस्त दरांची हौस असते आणि पाऊस सुरू झाला की तेच पहिला फोन करतात, "मॅडम, तुम्ही सांगितलं नव्हतं." म्हणून आता मी लेखी घेते. या केसमध्येही घेतलं होतं. उपयोग काही झाला नाही, तो भाग वेगळा.

एप्रिलअखेरीस नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आले, सोबत अकरा वर्षांची मुलगी. "ताई, अंदमान. दोघंच. वीस मेच्या पुढेमागे."

मी नेहमीची टेप लावली. ऑक्टोबर ते मार्च सीझन, मेमध्ये समुद्र खवळतो, बोटींच्या फेऱ्या रद्द होतात.

"ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिथून माल उतरेपर्यंत मी बाग सोडून नाशिकलासुद्धा मुक्कामी येत नाही," दादा म्हणाले. "आत्ता खरड छाटणी झाली. विरळणी मंडळी बघून घेतील. आणि पाऊस लागतो म्हणूनच तर जायचंय."

खुलासा मुलीने केला. दरवर्षी मेमध्ये टीव्हीवर 'मोसमी पाऊस अंदमानात दाखल' लागलं की यांच्या घरात सगळे गप्प होतात. तिने विचारलं होतं, दाखल होतो म्हणजे तिथे त्याला कुणी रजिस्टरात लिहून घेतं का? बापाला उत्तर देता आलं नाही. फेब्रुवारीत अवकाळीने मणी तडकलेले बघितलेला माणूस तो. पावसाशी उभा जन्म व्यवहार, पण तो येतो कुठून ते कधी पाहिलेलं नाही. तर ते बघायचं.

गिऱ्हाईक पाऊस मागतंय, हे माझ्या धंद्यात पहिल्यांदाच.

बाहेरच्यांना कळत नाही अशी एक गोष्ट सांगते. आमची सगळी पॅकेजं 'कपल'वर बेतलेली असतात. एक मोठा माणूस आणि एक मूल म्हटलं की हॉटेलवाले मुलाला दुसरा मोठा धरतात आणि पूर्ण खोलीचा दर लावतात. मूल जेवतं चिमणीएवढं, पण जेवणाचाही दर पूर्ण. आईबाप दोघं असतील तर तेच मूल 'एक्स्ट्रा बेड'मध्ये निम्म्यात बसतं. एकट्या आईने किंवा बापाने लेकराला घेऊन फिरावं, हे आमच्या रेट शीटला मान्यच नाही. यावरून मी दर वर्षी कुणाशी तरी भांडते. या वेळी पोर्ट ब्लेअरच्या आमच्या पार्टनरशी तासभर भांडून मुलीचं जेवण अर्ध्यावर आणलं. (श्री विजयपुरम म्हणायला हवं, २०२४ पासून तेच नाव आहे. पण नवं नाव घेतलं की गिऱ्हाईक विचारतं, मग पोर्ट ब्लेअर कधी दाखवणार?)

हॅवलॉक बेट नको म्हणाले. हॅवलॉक नाही म्हणजे राधानगर बीच नाही, आणि राधानगरशिवाय अंदमान विकायचं म्हणजे रामकुंडाशिवाय नाशिक. पण दादांना पळापळ नको होती. मग नील बेट, म्हणजे आताचं शहीद द्वीप. दोन-तीन तासांत सायकलवर पालथं घालता येईल एवढंसं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं, पोर्ट ब्लेअरला भाजी पुरवणारं. किनाऱ्यांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर. पंचवटीच्या माणसाला परकं वाटायचं कारण नाही. चार रात्री नील, आधी एक रात्र पोर्ट ब्लेअर, त्यात सेल्युलर जेल. नाशिककर ते सोडत नाही, सावरकरांचं भगूर इथून दारातच आहे.

आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरमध्येच. हा माझा नियम. डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवेने हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते, नौदलाने जहाजं पाठवून त्यांना काढलं. तेव्हापासून कुणी कितीही गळ घातली तरी बेटावरून थेट विमानाला मी माणूस आणत नाही. शेजारच्या ऑफिसातले आणतात, त्यांचं पॅकेज एका रात्रीने स्वस्त पडतं.

आणखी एका गोष्टीचा मला अभिमान आहे, तो इथे मिरवून घेते. मी दिवस ओहोटीवर बसवते. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच जवळून दिसतो. पाणी ओसरलं की खडकांतल्या डबक्यांत मासे आणि समुद्रकाकड्या अडकलेल्या सापडतात. भरतीला गेलात तर लांबून फोटो काढून परत या. छापील इटिनरीत 'सकाळी १० वाजता नॅचरल ब्रिज' असं रोजचंच ठोकलेलं असतं, जणू समुद्र एजंटला विचारून हलतो. मुलीला मी चारही दिवसांच्या ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून दिल्या. तिकडे पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचनंतर अंधारायला लागतं, घड्याळ मात्र आपलंच, हेही सांगितलं.

कसारा घाटातून रात्रीच मुंबई, तिथून चेन्नई, पुढे पोर्ट ब्लेअर. पहिले दिवस सुरळीत गेले. दादांचा एकच फोन आला, तोही वांग्यांबद्दल. सीतापूरला कुणा बंगाली शेतकऱ्याच्या बांधावर दोन तास बसले होते. "माती भारी आहे ताई, पण मल्चिंग कुणी करत नाही."

गुरुवारी त्यांनी पोर्ट ब्लेअरला यायचं होतं आणि शुक्रवारी दुपारी विमान. गुरुवारी सकाळी सातला पार्टनरचा मेसेज आला, बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा, सगळ्या फेऱ्या रद्द. खासगी आणि सरकारीही.

त्या दिवशी मी जेवले नाही. दादांचा फोन बंद. रिसॉर्टचा मॅनेजर अकराला सापडला. "सर और बेबी तो बारिश में निकल गए." कुठे? "पता नहीं मॅडम, छाता भी नहीं लिया." एअरलाइनचं म्हणणं साधं होतं, विमान वेळेवर आहे, प्रवासी आला नाही तर 'नो शो', पैसे गेले. बोटवाले फेरी रद्द केली की तिकिटाचे पैसे परत करतात. पण फेरीमुळे विमान चुकलं, तर त्या दोघांच्या मधल्या खड्ड्यात पडतो तो प्रवासी, आणि त्याच्या अंगाखाली एजंट. तारीख बदलायची तर आधीच बदलायची, आणि दर तासाला भाडं चढतंय.

पार्टनर म्हणत होता थांबा, पहाटे कदाचित एखादी सरकारी बोट सोडतील. कदाचित! हा माणूस 'कदाचित'वर जगतो. त्याची सरकारी खिडकीवर ओळख आहे म्हणे, ती ओळख मला चौदा वर्षांत कधी उपयोगी पडलेली नाही. रात्री साडेनऊला मी गिऱ्हाइकाला न विचारता दोन्ही तिकिटं रविवारवर टाकली. फरक ११,८०० रुपये, माझ्या खात्यातून. रिसॉर्टला निरोप ठेवला.

शुक्रवारी पहाटे सरकारी बोट सुटली. साडेआठपर्यंत पोर्ट ब्लेअरला लागलीसुद्धा. शेजारच्या ऑफिसातलं एक जोडपं तिच्यातून आलं, विमान पकडून घरी पोचलं, आणि त्यांच्या एजंटने तो स्क्रीनशॉट आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर टाकला. हसऱ्या चेहऱ्यासकट.

म्हणजे मी थांबले असते तर एक रुपया लागला नसता. बोट सुटली नसती तर मी शहाणी ठरले असते. हे मी तेव्हापासून उलटसुलट करतेय. नियम पाळला, मधला दिवस ठेवला, ओहोटी बघितली, आणि शेवटी चुकले ती घाबरून.

मंगळवारी बापलेक ऑफिसात आले, दोघंही काळेठिक्कर. मी बोटीचं काही बोलले नाही. हिशोबाचा कागद पुढे केला, त्यात फरकाची रक्कम निम्मीच लिहिली होती. दादांनी चष्मा लावून वाचलं, विचारलं, "हे अर्धं का?" मी म्हटलं, आमच्याकडूनही जरा घाई झाली. ते काही बोलले नाहीत, नोटा काढून मोजायला लागले.

तेवढ्यात मुलीने वही पुढे सरकवली. रजिस्टरच होतं ते. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ, तपशील. पानांना अजून ओल होती, शाई पसरली होती. हवामान खात्याचा 'दाखल' मंगळवारी नोंदवलेला, पुढे शेरा, 'आमच्याकडे कडक ऊन'. मग गुरुवार, सकाळी ८.२०, 'आमच्याकडे दाखल. आधी वास आला. मग समुद्र पांढरा झाला. मग माडांचा आवाज. मग पप्पा.' मग पप्पा काय, ते लिहिलेलं नव्हतं.

मी पान उलटलं. शुक्रवारच्या रकान्यात, त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं, 'सकाळी ६.१०. जेट्टीवर सरकारी बोट. जागा होती. आम्ही नाही गेलो.'

वर बघितलं तर दादा नोटा मोजत होते. पूर्ण ११,८००, आणि मोजताना दुसऱ्यांदा चुकून पहिल्यापासून लागले होते.