शेवटची गाडी कोणाची?

मोटरसायकलींचा ताफा घेऊन दापोलीहून गुहागरला निघताना मी आधी हेच विचारतो. पुढे कोण राहणार यावर सगळे भांडतात, मागे राहायला कोणी तयार नसतं. खरं तर मागे मुरलेला माणूसच हवा. पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडे. नवखा लीडरच्या लगेच मागे, म्हणजे वेग त्याच्या बेताने राहतो.

मोकळ्या रस्त्यावर तिरकं चालायचं: एक गाडी उजवीकडे, मागची डावीकडे, पुढच्यापासून किमान दोन सेकंदांचं अंतर. पावसात त्याहून जास्त. पण कोकणात असा रस्ता असतो किती! वळणं लागली की गुमान एकामागे एक. पलीकडून एसटी अख्खा रस्ता व्यापून येते, आणि कडेला जांभ्याची बारीक खडी असतेच. पुढचा ओव्हरटेक करून गेला म्हणून आपण घुसायचं नाही, स्वतः बघायचं. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं. मग मोबाइलला रेंज नसली तरी कोणी चुकत नाही.

दाभोळला फेरीबोटीत ताफा आहे म्हणून रांग मोडू नका. लोखंडी डेक ओला असतो, पुढचा ब्रेक जपून. वाशिष्ठी ओलांडेपर्यंत गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तिच्याजवळच उभे राहा. सेल्फी धोपाव्याला उतरल्यावर.

वाडीतून जाताना सायलेन्सर फटफटवणाऱ्यांना ओटीवरच्या आज्या शिव्या घालतात. मी त्यांच्याच बाजूने आहे.