जाऊन येऊ

फडताळाच्या खालच्या कप्प्यात अंथरलेला कागद बदलावा म्हणून दुपारी बसले, ती तिथेच बसून राहिले. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान. दुधाच्या खाड्याच्या फुल्या आईच्या. आणि दोन रविवारांच्या चौकटीत बारीक पेन्सिलीने लिहिलेलं, एकात ‘दीड’, दुसऱ्यात ‘पावणेसात’. हे अप्पांचं अक्षर.

ज्यांच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी गंजतात त्यांना हे सांगायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीया असेल तर दीड, नवमी असेल तर पावणेसात. ‘दीड’खाली रेघ मारलेली होती, म्हणजे त्या रविवारी हेदवीला जाऊन यायचं ठरलं होतं.

जाऊन यायचं. आमच्याकडे कुणी नुसतं ‘जाऊ’ म्हणत नसे. सहल शाळेची असते, ट्रिप मुंबईकरांची. आम्ही आपले रत्नागिरीतून सकाळी निघून दिवेलागणीला घरात, म्हणजे जाऊन येऊन. शिवाय त्याला काम लागायचं. कुलूप लावताना शेजारच्या काकू गडग्यापलीकडून ‘काय काम काढलंत?’ विचारणार, तेव्हा उत्तर तोंडात तयार हवं. ‘काही नाही, वाटलं म्हणून’ हे उत्तर आमच्या आळीत मी आजतागायत ऐकलेलं नाही. गणपतीपुळ्याला संकष्टीचं निमित्त, पावसला स्वामींचं दर्शन, मालगुंडला कुणाची तरी कलमं बघायची. कलमं दहा मिनिटांत बघून व्हायची आणि उरलेला दिवस वाळूत जायचा, पण त्याबद्दल घरी आल्यावर कुणी बोलायचं नाही. पुळ्याला तर प्रदक्षिणाही देवळाला नव्हे, अख्ख्या डोंगराला. किलोमीटरभर चालणं पुण्याच्या खात्यावर जमा, समुद्र फुकट.

सगळ्यात पक्कं काम म्हणजे पाहुणे. ते आले की गावातलंच थिबा पॅलेसही बघायला मिळायचं. एरवी रोज बाजारात जाताना वरची कौलं दिसायची, पण आत जायचं काही कारण नाही. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 साली आमच्या गावात आणून ठेवला. हा राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये तो इथेच वारला. अप्पा पाहुण्यांना एवढंच सांगायचे आणि गप्प व्हायचे. एकदा मी विचारलं, ‘मग परत कधी गेला?’ अप्पा म्हणाले, ‘त्याचं यायचं राहिलंच.’ जायचं म्हणायला हवं होतं की यायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर हेदवी. काम म्हणजे आईचा दशभुज गणपतीला बोललेला नारळ. तो नारळ दादाच्या मॅट्रिकचा होता आणि दादा तेव्हा बँकेत लागून तीन वर्षं झाली होती. अप्पांचं खरं काम वेगळं होतं. हेदवीच्या किनाऱ्यावर काळ्या कातळात एक चीर आहे, बामणघळ. भरतीची लाट त्या चिरेत शिरते आणि अंगावर येईल असं पाणी वर उसळतं. ते अप्पांना बघायचं होतं.

पहाटे आईने गुळाच्या दशम्या केल्या. फिरकीचा तांब्या भरला. तो तांब्या आता माझ्याकडे आहे. गळ्याशी घट्ट आवळली तर फिरकी उघडायला पुरुषमाणूस लागायचा आणि सैल ठेवली तर पिशवीतली चटणी ओली. आईने मधलं माप आयुष्यभर शोधलं. एसटीने जयगड, तिथून होडीने खाडी पार करून तवसाळ, आणि पुढे परत एसटी. तवसाळला उतरून वर येतो तर गाडी गेलेली. फक्त पाच मिनिटांनी, असं एक पोरगा फार आनंदाने सांगत होता. आम्ही आंब्याखाली बसलो. अप्पा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत आणि आई ‘अहो, समुद्र काही पळून जातोय का’ म्हणे. वास्तविक तेच चाललं होतं.

नारळ फोडून घळीशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. तळाशी पाणी होतं, डबक्यासारखं. गुळगुळ आवाज करत थोडं वर यायचं आणि खाली जायचं. भिंतीला एक खेकडा. अप्पा कडेला वाकून बराच वेळ बघत राहिले, जणू गणित कुठे चुकलं ते आत दिसेल. गणित चुकलं नव्हतं. परत येताना होडीत म्हणाले, ‘पुन्हा जाऊन येऊ.’

पानावर ‘पावणेसात’ त्यासाठीच लिहिलेलं असावं. पुढचा रविवार बघितला असेल, आणि सोडून दिला असेल. नंतर कधी गेलो नाही. दुसरा नारळ बोलायला हवा होता कुणीतरी.

आता मोटारीसकट फेरीबोटीत चढता येतं. मागच्या महिन्यात आम्ही दोघं निघालो. मी आदल्या रात्री पाऊणपट केली, नवऱ्याने फोनमध्ये बघितलं, दोघांत अर्ध्या तासाचा फरक आला. म्हणून अर्धा तास आधी जाऊन बसलो. आणि उसळलं की पाणी! चष्मा, पदर, सगळं खारट. तीनदा, चारदा. पाचव्यांदा नवऱ्याने विचारलं, ‘अजून थांबायचंय?’

मला काही सुचेना. वाटेत एक बाई सोलं विकत होती, तिच्याकडून अर्धा किलो घेतली. घराशी गाडी लावत होतो तर काकूंची सून गेटात उभी. ‘कुठे गेला होतात?’

‘सोलं आणायला,’ मी म्हटलं.

‘अगं, घरात दोन बरण्या आहेत,’ नवरा म्हणाला, मोठ्याने.