चरबीत हात

एम.एस्सी. फिजिक्समध्ये केली आणि आता दिवसभर हात चरबीत. म्हणजे लिपिडमध्ये, पेशीचं आवरण ज्याचं बनतं ते. क्लोरोफॉर्ममधलं लिपिड नायट्रोजनच्या झोतात सुकवायचं, काचेला धरलेल्या थरावर बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ओतायचं, मग ते दुधाळ पाणी दोन काचेच्या सिरिंजांमध्ये, मधल्या १०० नॅनोमीटर छिद्रांच्या गाळणीतून, इकडून तिकडे ढकलत राहायचं. अंगठे भरून येतात. गढूळपणा जाऊन हलकी निळसर झाक आली की काम फत्ते, लिपिडचे पोकळ गोळे तयार.

त्यात अल्फा-सिन्युक्लिन टाकतो. १४० अमिनो आम्लांचं हे प्रथिन पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत गुठळ्या करून बसतं. (लेवी या जर्मन डॉक्टरने गुठळ्या १९१२ मध्ये पाहिल्या, त्यात हेच प्रथिन आहे हे कळायला १९९७ उजाडलं.) एरवी त्याला ठरावीक आकारच नसतो. ऋणभारित लिपिड भेटलं की मात्र ते चिकटतं आणि सर्पिल होतं. खरी गंमत प्रमाणात आहे. लिपिड भरपूर असेल तर प्रथिन ऐसपैस पसरून निवांत राहतं. कमी असेल तर पृष्ठभागावर दाटी होते आणि गुठळ्या ज्यांच्या होतात ते तंतू झपाट्याने बनू लागतात. मला यात आधी विद्युतभार दिसतो, शेजारच्या टेबलावरच्या बायोकेमिस्ट्रीवालीला आधी प्रथिन. वाद रोजचाच.

आत्याला पार्किन्सन आहे. फोनवर विचारते, "काय रे, सापडलं का औषध?"

"अगं आत्या, अजून परीक्षानळीतच आहे सगळं."

लिव्होडोपाने लक्षणं आवरतात, आजार थांबत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक. सध्या मी लिपिडमध्ये कोलेस्टेरॉल मिसळून बघतोय.