साठ, पासष्ट, सत्तर की पंचाहत्तर?

आपल्याकडे म्हातारं नेमकं कधी व्हायचं ते योजनेवर ठरतं. एसटीत ६५ पूर्ण झाली की अर्धं तिकीट, ७५ झाली की फुकट (२०२२ पासून), पण राज्याच्या हद्दीतच हां, आणि शहर बसला ती सवलत चालत नाही. आमच्या आत्याला वाटायचं फुकट म्हणजे तिकीटच नको, तर तसं नाही, कंडक्टर आधार बघतो आणि शून्य रुपयाचं तिकीट फाडतो, ते उतरेपर्यंत सांभाळायचं.

दवाखान्याच्या खर्चासाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डला मात्र ७० लागतात, तिथे उत्पन्न कोणी विचारत नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार.

खरा वैताग श्रावणबाळ योजनेचा, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांना राज्य सरकार दरमहा पेन्शन देतं ती. वय ६५ आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत! म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार, आता एवढ्यात कुणाचं घर चालतं सांगा, मग तहसीलमधून तसा दाखला काढायला लोकांची जी कसरत चालते ती विचारूच नका. ही मर्यादा कधीच वाढवायला हवी होती. आणि अर्ज करायच्या आधी आधारवरची जन्मतारीख बघा, बऱ्याच म्हाताऱ्यांची सरसकट १ जानेवारी टाकलेली असते.